मापाची चोळी

शिवणाचा वर्ग सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाराजणींना सांगितलं, उद्या येताना आपापल्या मापाची एकेक चोळी घेऊन या. तिसऱ्या दिवशी बारा चोळ्या आल्या. त्यांतली एकही आणणारीची नव्हती.

कुणी जावेची आणली होती, कुणी सासूची. सखराबाई नावाच्या एक भरल्या अंगाच्या बाई होत्या, त्यांनी आणलेली चोळी त्यांच्या थोरल्या नणंदेची होती आणि ती नणंद वारून चार वर्षं झाली होती. मी चोळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "सखराबाई, ही तुमच्या दंडात तरी चढते का?"

"चढती की. जरा काचती."

"मग स्वतःची का नाही आणली?"

"अवो, हीच आमच्या घरची मापाची हाय, बाई."

शिंपी पुरुष असतो. बाईच्या अंगाला त्यानं टेप लावायची म्हणजे गावात खून पडायचे. म्हणून घरातली एक जुनी चोळी त्याच्याकडे मापाला ठेवायची. ती एकदा ठेवली की ठेवली. पुढे त्या घरात जी बाई येईल, काटकुळी असो की लठ्ठ, पंधरा वर्षांची असो की पन्नाशीची, तिचा खण त्या एकाच चोळीवर बेतायचा. काटकुळीची चोळी पोत्यासारखी लोंबते आणि जाडीची काखेत उसवते. दोघींनाही यात काही गैर वाटत नाही. चोळी अशीच असते, असं त्या मानतात.

वर्ग भरत होता त्या चारठाण्याचे रामभाऊ शिंपी यांच्या दुकानात भिंतीला खुंट्या होत्या आणि एकेका खुंटीवर एकेका घरची चोळी टांगलेली होती. कुठली कुणाची हे त्यांना तोंडपाठ. मी गावात आल्याचा त्यांना राग होता, पण माणूस बोलका. मला म्हणाले, "बाई, मी वीस साल हा धंदा करायलोय. एकाबी बाईचं माप घेतलं न्हाई, अन् एकाबी बाईची चोळी परत आली न्हाई."

"परत आली नाही म्हणजे बसली असं होत नाही, रामभाऊ."

"न बसली तर कुणी बोललं असतं की!"

खरंच, कुणी बोललं नव्हतं.

या दिवाळी अंकासाठी मला 'स्त्रीची आत्मजाणीव आणि भावनिक विकास' असा विषय सुचवण्यात आला आहे. विषय भारी आहे. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते आमच्या वर्गाच्या उद्घाटनाला. जिल्ह्याचे एक साहेब जीपमधून आले होते. देवळाजवळच्या ज्या खोलीत वर्ग भरायचा तिच्यापुढे मांडव घातला होता. साहेबांनी पाऊण तास भाषण केलं. भगिनींनो, तुमच्या अंतरंगातली शक्ती ओळखा. भगिनींनो, जागृत व्हा. भगिनी पदर नाकापर्यंत ओढून मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. साहेब गेल्यावर मागे बसलेल्या एका म्हातारीनं पुढचीला विचारलं, "काय म्हनत व्हता गं त्यो?"

"काय न्हाई. जागं व्हा म्हनत व्हता."

"आता गं बाई! कोंबड्याच्या आधी तर उठलोय."

आत्मजाणिवेवरची इतकी चांगली टीका मी नंतर कुठे वाचली नाही.

माझं थोडक्यात सांगते. नवरा शाळामास्तर होता, पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या साली तापानं गेला. मी हैदराबादेला जाऊन शिवणकाम शिकले. शिकवणारी म्हातारी उर्दूत शिकवायची आणि चुकलं की कात्रीच्या मुठीनं बोटांवर मारायची. त्यामुळे माझी बोटं हुशार झाली. पुढे आमच्या भागात सरकारनं बायकांसाठी शिवणाचे वर्ग काढले, तेव्हा मी दरख्वास्त दिली. आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यावर तिला अर्ज म्हणू लागले. उत्तर यायला वेळ तेवढाच लागायचा. एका गावी सहा महिने वर्ग, मग पुढचं गाव. दोन पायमशिनी, चार कात्र्या, एक लोखंडी पेटी आणि एक हजेरीपट. जिंतूर तालुक्यातली कितीतरी गावं मी अशी शिवत गेले.

शिवणं सोपं आहे. दोन कापडं शेजारी धरायची आणि मशीन चालवायचं. गाढवालाही शिकवता येईल. खरं काम कापायचं, आणि त्याच्याही आधी मापाचं. टेप अंगाला लावली की बाई श्वास धरते, पोट आत ओढते, खांदे आवळते. ते माप खोटं. त्यावर शिवलेली चोळी ती जन्मभर श्वास धरूनच घालणार. मी म्हणायची, "श्वास सोड. नेहमीसारखी उभी राहा." त्या माझ्याकडे बघत राहायच्या. नेहमी आपण कशा उभ्या राहतो हे एकीलाही सांगता येत नसे. मग मी त्यांना दुसऱ्याच गप्पांत गुंतवायची, सासूचा विषय काढायची. सासूबद्दल बोलताना कुणी श्वास धरत नाही.

माप झालं की प्रश्न. सैल हवी की अंगाबरोबर? बाही कोपरापर्यंत की वर? गळा केवढा? उत्तर ठरलेलं, "कशीबी."

हा शब्द मी बारा गावांत ऐकला आणि बाराही गावांत माझं डोकं उठलं. विनय, संसारी बाईचं भूषण, त्याग वगैरे लेख लिहिणाऱ्यांनी एकदा माझ्या वर्गात येऊन बसावं. कशीबी म्हणजे त्याग नव्हे. आपल्याला काय हवं ते बघायचा कंटाळा, आणि नंतर नीट बसली नाही तर खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची सोय. शेवटी मी नियमच केला, कशीबी म्हणणारीचं कापड कापलं जाणार नाही. घडी घालून परत. पहिल्या आठवड्यात नऊ खण परत गेले.

सखराबाई तर त्याच्याही पुढच्या. त्यांची नवी चोळी मी अंगावर घालून पाहायला लावली आणि विचारलं, दंडात घट्ट होते का? त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "घरात इचारून सांगते, बाई."

स्वतःच्या दंडाला काचतंय की नाही, हे त्या घरात विचारून सांगणार होत्या! मी म्हटलं, "जरूर विचारा. आणि भूक लागली का तेही विचारून या." वर्ग हसला. सखराबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "ते म्हनले, बसली असंल."

या सगळ्यांत गिरजा निराळी वाटायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उंच, खांद्यांनी रुंद. हात इतका साफ की तिचा हातटाका आणि मशीनची शिलाई शेजारी ठेवली तर माझीही फसगत व्हायची. सोनपेठला दिली होती. तीन वर्षं नांदली, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला भावाकडे आणून सोडलं. त्याला सात वर्षं झाली होती. भाऊ किसन कापसाच्या दोन पट्ट्या राखून असलेला शांत शेतकरी. भावजय पारूबाई, तोंडानं फटकळ पण हातानं वाईट नव्हे. त्या मला कौतुकानं सांगायच्या, "आमच्या वन्सं म्हंजी निस्ती गाय हाय बगा. सात वर्सांत वरच्या पट्टीत शब्द न्हाई."

गाय ही आमच्याकडे बाईची सर्वांत मोठी स्तुती आहे. गाईला कुठल्या दावणीला बांधू असं कुणी विचारत नाही, ही त्यातली सोय.

गिरजानं चार महिन्यांत भावाच्या लेकरांचे अंगरखे शिवले, भावजयीच्या चोळ्या शिवल्या, देवळातल्या पुजाऱ्याच्या उश्यांचे अभ्रे शिवले. स्वतःची चोळी मात्र शिवेना. तिच्या पेटीत हिरवा खण होता. विचारलं की "मग शिवीन." नियमाप्रमाणे वर्गाच्या शेवटी प्रत्येकीनं स्वतःच्या मापाची चोळी बेतून, शिवून दाखवायची होती. ती परीक्षा. एक दिवस मी टेप घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"चल, हात वर कर."

"माप हाय माझं, बाई."

"कुठाय?"

"सोनपेठला. शिंप्याकडं." तिनं हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चढला. "आमच्या घरात सासूबाई न्हवत्या. मी गेले तवा मापाला माझीच चोळी दिली. त्या घरची मापाची चोळी माझी हाय."

'होती' नव्हे, 'हाय'. मी टेप गुंडाळली. सात वर्षं ही बाई भावाच्या घरी भाकऱ्या थापत होती, आणि मनानं सोनपेठच्या एका खुंटीवर टांगलेली होती. मला तिची कीव यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला चीड आली. मला बायकांची चीड लवकर येते. या धंद्यात ते उपयोगी पडतं.

पाचव्या महिन्यात सोनपेठहून निरोप आला. तिथली धाकटी, म्हणजे गिरजाची सवत, दुसऱ्या बाळंतपणापासून अंथरुणाला खिळली होती, दोन लेकरं लहान होती, आणि नवऱ्याचे मामा सन्मानानं साडीचोळी करून गिरजाला न्यायला येणार होते. सात वर्षं न आठवलेला सन्मान भाकऱ्यांची पंचाईत झाल्याबरोबर आठवला. पारूबाई आनंदल्या. वर्गातल्या बायका आनंदल्या. "नशीब उघडलं गिरजाचं," म्हणाल्या. पडलेल्या घराला टेकू शोधत कुणी दारात आलं, तर त्याला नशीब म्हणायची आमच्यात पद्धत आहे.

त्या दुपारी वर्ग सुटल्यावर मी तिला बसवून घेतलं आणि अर्धा तास बोलले. तिथं तू मोलकरीण होणार. धाकटी बरी झाली की पुन्हा बाहेर. हातात विद्या आहे, इथंच राहून दुकान घाल, मी मशीन मिळवून देते. जायचं नाही. सगळं बरोबर बोलले. आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, बाई."

आणि मला बरं वाटलं.

हे लिहिताना हात जरा अडतो. पाच महिने कशीबी म्हणणाऱ्यांचे खण मी तोंडावर परत केले होते. माझ्या मनासारखं 'कशीबी' आलं, तर मी ते निमूट कापायला घेतलं.

मामा आले त्या दिवशी मी किसनच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं. ओसरीवर घोंगडी टाकून मामा बसले होते; पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर, चांगला माणूस. वाईट माणसं आली असती तर काम सोपं झालं असतं. पारूबाईंनी साडीचोळी गिरजाच्या हातात देऊन तिला नेसायला आत पाठवलं होतं.

मामा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, किसनराव. आता ते घर पोरीवाचून अडलंय. भाकर टाकायला माणूस न्हाई."

मी म्हटलं, "मग माणूस कशाला म्हणता? मोलकरीण पाहिजे म्हणा."

"बाई, तुमी सरकारी माणूस. तुमी शिवणाचं बोला."

किसननं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मी म्हटलं, "तिचंच बोलते. तिला जायचं नाही."

"तिनं सांगितलं तुमाला?"

"हो."

आतल्या दारातून आवाज आला, "मी कवा म्हनलं, बाई?"

गिरजा दारात उभी होती. अंगावर जुनंच लुगडं, हातात नवी साडीचोळी.

पारूबाई टाळी वाजवायच्याच बाकी राहिल्या. "बगा! आमच्या वन्संच्या मनात हाय जायचं. उगं त्यांच्या तोंडात शब्द कामून घालता?"

"मी तसंबी कवा म्हनलं, वयनी?"

किसन वैतागला. "मग म्हनतीस तरी काय, गिरजे?"

"अजून कायबी म्हनलं न्हाई, दादा. कुणी इचारलंच न्हाई."

ती ओसरीवर येऊन खाली बसली. चोळी तिनं उलटी करून घोंगडीवर पसरली, अगदी वर्गात पसरावी तशी, आणि बोटांनी मापायला लागली. काख, पाठ, बाही. कुणाला काही कळेना. मला कळत होतं. चोळी लहान होती. हिच्या खांद्यांना ती कुठूनच बसणार नव्हती. शिलाईच्या आत जादा कापडही सोडलेलं नव्हतं. शिवणात त्या कापडाला माया म्हणतात. लेखकमंडळींनी इथे उसासे टाकू नयेत, तो निव्वळ धंद्याचा शब्द आहे.

"मामा, काखंत तीन बोटं कमी हाय. ही कुणाच्या मापावर शिवली?"

"कुणाच्या म्हंजी? घरात जी मापाची हाय तिच्यावर."

"ती तर माझी हाय."

मामा हसले. "तुझी कुठली, पोरी! धाकटीची हाय."

"मग माझी कुठं गेली?"

"आता सात साल झाले. जुन्या चिंध्या कोण ठिवतं?"

मामा हे दुष्टपणानं बोलले नाहीत. त्यांना चोळी ही चोळीच वाटत होती. लगेच म्हणाले, "काचत असंल तर उसवून घे. त्यात काय मोठं?"

गिरजानं त्या चोळीच्या काखेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडणार. रडली असती तर सगळे सुखी झाले असते. रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी द्यायचं, पाठीवर हात फिरवायचा आणि आपल्याला हवं ते ठरवायचं. ती रडली नाही. चोळीची घडी घातली, साडीवर ठेवली, आणि भावाला म्हणाली,

"दादा, मला राग आलाय."

किसन चमकला. "कुणाचा?"

"ते अजून नीट कळंना. पर आलाय. लय दिवसाचा हाय."

आजारपण सांगावं तसं तिनं ते सांगितलं. कुठे दुखतंय ते अजून चाचपत होती, पण दुखणं आपलंच आहे याबद्दल शंका नव्हती. पारूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मामा हायेत समोर, असं बोलत्यात का?" गिरजा म्हणाली, "मामांना जेवायला वाडते की, वयनी. रागाचा अन् जेवणाचा काय संबंध?" मग मामांकडे वळून, "मामा, जेवून जा. ही साडीचोळी संगट न्या. मी येनार का न येनार, ते मी सांगंन. कळलं की सांगंन."

उठता उठता तिनं माझ्याकडे बघितलं. "अन् बाई, तुमीबी सांगू नका."

मी घरी आले. पोळ्या लाटल्या, एक करपली. कधी नव्हे ते.

पुढचे तीन आठवडे तिच्या घरी अबोला होता. किसन तिच्याशी बोलेना, पारूबाई भांडी आपटत होत्या. गाय असलेली नणंद एका दुपारीत म्हैस झाली होती. गिरजा वर्गाला येत राहिली, गप्प, पण निराळी गप्प. हात कामात आणि कपाळाला आठी. मध्येच मशीन थांबवून बसायची. मी विचारायला तोंड उघडायची आणि मिटायची. ही शिक्षा माझ्यासारखीला पुरेशी होती.

चौथ्या आठवड्यात ती टेप आणि कात्री पिशवीत घालून एकटीच एसटीत बसली आणि सोनपेठला गेली. गावानं निष्कर्ष काढला, गेली एकदाची नांदायला. रामभाऊ शिंपी मला मुद्दाम येऊन सांगून गेले, "बाई, तुमच्या बाराजनींतली एक कमी झाली बगा."

पाचव्या दिवशी ती परत आली. माझ्यासमोर बसली आणि विचारायच्या आतच सांगायला लागली.

"बगून आले, बाई. धाकटी लय वाळलीय. तिच्याबी अंगात त्या मापाची बसंना. लग्नातलं माप हाय, वर दोन बाळंतपणं झाली. अंगातली बाळंतपणात काखंत फाटल्याली, वर ठिगळ, अन् आता लोंबती. कुणी नवं माप घेतलंच न्हाई. मी घेतलं. दोन शिवून दिल्या, लेकरांची झबली शिवली. इतकी वर्सं तिकडं ती माझ्या नावानं भ्यायलीय म्हनं, अन् मी सात वर्सं तिच्या नावानं जळायलेय." ती थांबली. "तिचा राग न्हाई मला. मला वाटलं व्हतं, तिचाच असंल."

"मग कुणाचा?"

"हाय लय जनांचा. त्यांचा हाय. दादाचा हाय. माझा मलाच हाय, खुंटीवर जीव टांगून बसले म्हनून." आणि जराही न अडखळता, "तुमचाबी हाय थोडा."

"माझा कशाला?"

"तुमी माझं बोलनं माझ्या आधी बोलून टाकलं."

हे खरं होतं, म्हणून मी दोरा ओवायला घेतला. ती म्हणाली, "नांदायला न्हाई जायचं. तुमी पयलेच म्हनला व्हता, ठावं हाय. पर आता हे मी म्हनते."

एकच वाक्य, आधी माझ्या तोंडचं आणि मग तिच्या तोंडचं. मी तेव्हा म्हणणार होते की दोन्हींत फरक काय. सुदैवानं दोरा सुईत गेला नव्हता, लक्ष तिकडे होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हिरवा खण काढला. टेप माझ्या हातात दिली, हात वर केले आणि श्वास सोडून उभी राहिली. बाही कोपराच्या वर एक बोट, गळा जरा खोल, खांद्यात सैल. एकेक गोष्ट सांगून. मी फक्त आकडे लिहिले.

वर्ग संपला तेव्हा मुंबईकडून आलेला नवा तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'प्रशिक्षणार्थीची वैयक्तिक प्रगती'. मी गिरजाच्या नावापुढे लिहिलं, 'राग येतो. कुणाचा ते कळते.' सखराबाईंपुढे लिहिलं, 'दंड काचतो असे स्वतः म्हणाल्या'. हो, शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकल्या. साहेबांनी दोन्ही खोडून सगळ्या बाराजणींपुढे एकच शब्द लिहिला, 'समाधानकारक'. शिंपी काय आणि साहेब काय, मापाला एकच चोळी.

मग मी पुढच्या गावी गेले. गिरजानं भावाच्या ओसरीवर दुकान मांडल्याचं कानावर येत होतं. मशीन मी मिळवून देणार होते. खात्यात माझा कागद कुठे अडकला कुणास ठाऊक. तिनं जुनं कुठूनसं मिळवलं. पारूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग पोलकं शिवायला टाकलं. दुकानाचा नियम एकच होता. मापाला चोळी घ्यायची नाही, जिची शिवायची तिनं स्वतः यायचं. गावानं पुष्कळ कुरकुर केली. "आमी काय रिकाम्या हाव काय?" असं म्हणत बायका यायच्या आणि तासभर बसायच्या. रामभाऊंनी आपल्या खुंट्या काही काढल्या नाहीत. त्यांच्या दुकानात पुरुषांचे सदरे वाढले, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात जिंतूरहून येताना मी चारठाण्याला उतरले. पिशवीत चोळीचं कापड होतं, म्हटलं हिच्याकडूनच शिवून घ्यावं. माझे डोळे आता जवळचं नीट धरत नाहीत. गिरजाची ओसरी बायकांनी भरली होती. तिनं मला पाहिलं, हातातलं काम खाली ठेवलं आणि कापड उलगडलं. राखी रंगाचं होतं.

"हा रंग तुमी निवडला, का दुकानदारानं दिला?"

"दुकानदारानं. मला काय, कुठलाही चालतो." मी पिशवीतून माझी जुनी चोळी काढली. "हिच्यावरून बेत."

"मापाला चोळी घेत न्हाई मी, बाई." ओसरीवरच्या बायकांनी माना वर केल्या. "ही कवाची हाय?"

मी हिशेब केला. हैदराबादेला शिकत असताना म्हातारीनं माझं माप घेऊन एक चोळी बेतली होती. नंतरची प्रत्येक मी तिच्यावरूनच शिवत आले. मधल्या काळात मी पस्तिशीची पंचेचाळिशीची झाले होते. शेकडो बायकांच्या अंगाला टेप लावली होती. स्वतःच्या एकदाही नाही.

"हात वर करा. श्वास सोडा." तिनं वाट बघितली. "बाई, सोडा."

मी सोडला. तिनं आकडे घेतले. काखेत आणि पाठीत किती फरक पडला होता, ते मी इथे लिहिणार नाही.

"आता सांगा. बाही कुठवर?"

मला खरंच माहीत नव्हतं. मागे बायका ताटकळल्या होत्या, एसटीची वेळ झाली होती, ऊन तापलं होतं. मी म्हणाले, "कशीबी कर गं."

कुणीतरी हसू दाबलं. गिरजानं शांतपणे राखी कापडाची चौपदरी घडी घातली, त्यावर माझी जुनी चोळी ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिली.

ते कापड अजून माझ्या ट्रंकेत आहे. दिवाळी झाली की जाईन म्हणते. बाही कोपराच्या वर दोन बोटं, हे ठरलंय. रंग मुळीच आवडत नाही, हेही ठरलंय, दुसरं घेईन. गळ्याचं काही अजून ठरत नाही.